ईडीएम आणि सिम्फनी ऑर्केस्ट्रा एकत्र: व्हायोलिनवाले खरंच ऐकू येतात का?

हडपसर_टू_लीड्स :

लोकहो, एक शंका आहे, जाणकारांनी जरा प्रकाश टाकावा. इकडे इंग्लंडात एक प्रकार जोरात चालतो, जुना क्लबमधला माल म्हणजे हाऊस, ट्रान्स वगैरे ईडीएम (इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक), आणि तो वाजवायला स्टेजवर अख्खा सिम्फनी ऑर्केस्ट्रा. काळ्या कपड्यातला कंडक्टर, बाजूला डीजे, मागे लेझर. ऑफिसातल्या मंडळींनी तिकिटं काढली म्हणून आम्ही दोघंही गेलो. शोचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नावं ठेवायला धागा काढलेला नाही, आणि खरं सांगायचं तर मजा आली, पन्नाशीतले गोरे काका-काकू घसा फोडून गात होते आणि बायको तर पूर्णवेळ उभीच.

पण मी शाळेत असताना व्हायोलिन शिकलोय (आपलं, मांडी घालून वाजवतात ते), त्यामुळे माझं लक्ष सारखं त्या व्हायोलिनच्या रांगांकडे जात होतं. एवढे लोक जीव तोडून बो चालवतायत आणि कानावर येतंय काय तर धप् धप् धप् धप् आणि वरून सिंथ (सिंथेसायझर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड). ब्रास (ट्रम्पेट वगैरे पितळी वाद्यं) अधूनमधून कळायचा, बासरी-ओबोवाले तर मला फक्त मोठ्या स्क्रीनवर दिसले. एका गाण्यात मधे बीट थांबला, थोडा वेळ नुसत्या स्ट्रिंग्ज होत्या, तेव्हा अंगावर काटा आला, आणि लगेच परत धप् धप् सुरू.

तर विचारायचंय असं की हे लोक खरंच वाजवत असतात की मागे ट्रॅक चालू असतो? वाजवत असतील तर ऐकू का येत नाहीत? आणि असं कुणी केलंय का जिथे दोन्हीची गरज आहे, म्हणजे ऑर्केस्ट्रा काढला तर गाणं पडेल आणि मशीन काढली तरी पडेल? का हे सगळं स्टेज भरलेलं दिसावं म्हणूनच? बायको म्हणते तू नाचायला गेलेलास की परीक्षण करायला. तेही आहेच म्हणा.


फेडरवर_बोट :

वाजवतात हो, खरंच वाजवतात. मी पुण्यात लाइव्ह साउंड करतो, एवढा मोठा ऑर्केस्ट्रा माझ्या वाट्याला आलेला नाही, पण स्ट्रिंग सेक्शन आणि डीजे एका स्टेजवर हे केलंय आणि त्यात जो घाम फुटतो तो सांगतो.

पहिलं म्हणजे डीजेचं सगळं थेट वायरीतून मिक्सरमध्ये येतं, माईकच नाही. हवं तेवढं वाढवा, काही होत नाही. व्हायोलिनला मात्र माईक लागतो, प्रत्येकाच्या वाद्यावर छोटा क्लिपवाला लावतात, आणि तो माईक व्हायोलिनबरोबर शेजारच्याचं व्हायोलिन, मागचा ट्रम्पेट आणि स्पीकरमधून फिरून आलेली किक (तुमचं ते धप् धप्) सुद्धा घेतो. असे वीस-पंचवीस माईक उघडे ठेवले की काय होतं? उघड्या माईकची संख्या दुप्पट झाली की स्पीकरची शिट्टी (फीडबॅक) वाजायच्या आधी जेवढा आवाज काढता येतो त्यातले साधारण ३ डेसिबल जातात. म्हणजे जितके जास्त वादक तितका प्रत्येकाला कमी आवाज, गंमत आहे ना. म्हणून काही शोमध्ये आधी रेकॉर्ड केलेल्या स्ट्रिंग्जचा एक थर ट्रॅकवर ठेवतात आणि समोरचे लोक त्याच्यावर वाजवतात. फसवणूक म्हणायची तर म्हणा, पण दहा-पंधरा हजार लोकांच्या अरेनात नुसत्या माईकवर ते जमवणं भयंकर अवघड आहे.

दुसरं, खालच्या सुरांची मारामारी. क्लबची किक साधारण ५०-६० हर्ट्झच्या आसपास दणका देते, बेसलाइन पण तिथेच. डबल बासची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झ, चेलोची ६५, टिंपनी पण त्याच गल्लीत. तीन दुकानं एका गाळ्यात, आणि त्यात वीज ज्याच्याकडे तोच जिंकतो. मग साउंडवाला काय करतो, बास आणि चेलोचा तळ कापून टाकतो, म्हणजे गढूळ होत नाही. उरतं काय, चेलोचं नाक. व्हायोलिन खरं तर वर आहे, तिची सगळ्यात खालची तार १९६ हर्ट्झ, पण वर हायहॅट आहे, टाळ्या आहेत, सिंथची करवत आहे, गायिका आहे. जागाच नाही. तुम्हाला बीट थांबल्यावर काटा आला तो उगाच नाही, तेवढ्यापुरती जागा झाली.

तिसरं वेळेचं. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे दहा मीटर मागे बसलेल्या हॉर्नवाल्याचा सूर कंडक्टरपर्यंत यायला २९ मिलिसेकंद. ऑर्केस्ट्रावाल्यांना ह्याची सवय असते, मागचे लोक नकळत जरा आधी वाजवतात, कंडक्टरकडे बघून, कानाने नाही. पण १२६ बीपीएमला (मिनिटाला १२६ ठोके) एक बीट ४७६ मिलिसेकंदाचा, त्याचा पाव भाग, म्हणजे सिक्स्टीन्थ नोट, ११९ चा, आणि मशीन एक मिलिसेकंद हलत नाही. माणसांचा समूह असा थोडा पसरलेला वाजला तर एरवी तो गोड लागतो, मशीनच्या शेजारी तोच ढिला वाटतो. म्हणून सगळ्यांच्या नाहीतर निदान कंडक्टरच्या कानात क्लिक असते, म्हणजे तालाची टिकटिक.

थोडक्यात तुमच्या शोमध्ये बहुतेक हे सगळं एकदम झालं असणार. पुढच्या वेळी जमलं तर मिक्सरचं टेबल असतं ना मैदानाच्या मधे, त्याच्या जवळची जागा घ्या, पुढच्या रांगेत जाऊ नका, तिथे सबवूफर छातीत बसतो आणि बाकी काही कळत नाही.


व्हायोलाचा_वाली_कोण :

फेडरदादा, एवढं सगळं लिहून व्हायोलाचा उल्लेख नाही, नोंद घेतली आहे.

मी नेदरलँड्समध्ये असते, हौशी ऑर्केस्ट्रामध्ये व्हायोला (व्हायोलिनची थोरली बहीण) वाजवते, आम्ही असा एक क्लब क्लासिक्सचा कार्यक्रम केला होता गावच्या महोत्सवात, त्यामुळे ह्या बाजूने सांगते.

वाजवायला कसं वाटतं? पहिल्या तालमीत कंटाळा. पानभर एकच सूर लांबवायचा, नाहीतर चार मात्रांचा एकच तुकडा इतक्या वेळा की मोजताना मन भरकटतं आणि मग सगळे खाणाखुणा करून एकमेकांना विचारतात कुठे आहोत आपण. कारण गाणं लिहिलं गेलंय सिक्वेन्सरवर (सूर ओळीने आपोआप वाजवणारं मशीन), मशीनला दमायला होत नाही, आमचा उजवा खांदा मात्र दमतो. भरभर ट्रेमोलो (एकाच सुरावर बो थरथरवणं) सलग चार मिनिटं करून बघा. चांगला अरेंजर (गाणं ऑर्केस्ट्रासाठी लिहून देणारा) असेल तर तो सूर दोन गटांत वाटून देतो, एक गट विसावा घेतो तेव्हा दुसरा चालू, ऐकणाऱ्याला कळत पण नाही. आमच्या अरेंजरने ते केलं नव्हतं. असो.

दुसरी गोष्ट ट्यूनिंग, आणि हे कुणी बोलत नाही म्हणून लिहिते. इकडे युरोपात बऱ्याच ऑर्केस्ट्रांचा ए (ज्यावर सगळे वाद्य जुळवतात तो स्वर) ४४२ हर्ट्झवर असतो. सिंथ नवा खोक्यातून काढला की तो ४४० वर. फरक साधारण आठ सेंट (शंभर सेंटचा एक अर्धस्वर), ऐकायला क्षुल्लक, पण लांब सुरावर दोन्ही एकत्र आले की सेकंदाला दोनदा लाट येते, वाँव वाँव. मशीनला ४४२ वर आणणं दोन मिनिटांचं काम, पण जुन्या रेकॉर्डमधले सॅम्पल असतील, गायिकेचा आवाज ट्रॅकवर असेल, तर तेही सगळं वर ओढावं लागतं. आम्हाला शेवटी सांगितलं गेलं की तुम्हीच ४४० वर या. तारवाल्यांना चालतं, ओबो आणि क्लॅरिनेटवाले कुरकुरले, त्यात स्टेजवरच्या दिव्यांनी हवा तापली की त्यांची वाद्यं आपोआप वर चढतात. मशीन चढत नाही.

आणि कान! युरोपात कामाच्या जागी ८५ डेसिबलला पोचलं की कान वाचवायचे उपाय सक्तीचे होतात, आणि ते ऑर्केस्ट्रालाही लागू आहे, दिवसाची सरासरी धरून. २०१८ मध्ये लंडनच्या रॉयल ऑपेरा हाऊसविरुद्ध एका व्हायोलावादकाने केस जिंकली, वाग्नरच्या ऑपेराच्या तालमीत ब्रास अगदी त्याच्या पाठीशी बसवला होता म्हणून त्याचे कान गेले. तेही बिनविजेचा वाग्नर. तेव्हा अशा शोमध्ये प्रत्येकाच्या कानात प्लग असतात, त्यावर इयरफोनमधून क्लिक, म्हणजे शेजारचीचं वाजवणं ऐकून आपला सूर मिळवायचा हा जो ऑर्केस्ट्राचा जीव आहे तोच बंद. प्रत्येकजण एकेकटा वाजवत असतो. मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे.

तरी सांगते, कार्यक्रमाच्या दिवशी समोर माणसं उड्या मारतायत आणि आपण एरवी ब्राम्ससारखं शास्त्रीय वाजवतो त्याच खुर्चीत बसलोय, असं कधी होत नाही आमच्या आयुष्यात. परत बोलावलं तर जाईन.

इथल्यांना हे मिश्रण नवीन नाही बरं का. ३० एप्रिल २०१३ ला विलेम-अलेक्झांडर राजा झाला त्या संध्याकाळी ॲम्स्टरडॅममध्ये पाण्याकाठी डीजे आर्मिन व्हान ब्यूरन आणि रॉयल कॉन्सर्टखेबाऊ ऑर्केस्ट्रा एका स्टेजवर होते, आणि नवा राजा बायको-मुलींना घेऊन बोटीतून उतरून थेट स्टेजवर गेला. जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या ऑर्केस्ट्रांपैकी एक, ट्रान्सवाल्याबरोबर, राज्याभिषेकाच्या दिवशी.


डेट्रॉइटचा_जावई :

वा, ताई आणि फेडरदादा दोघांनी भारी लिहिलंय. पण मंडळी, सगळे ह्या नॉस्टॅल्जियाच्या शोबद्दलच बोलताय. २०१५ चा जो प्रॉम होता (बीबीसीच्या प्रॉम्स महोत्सवातला कार्यक्रम), रेडिओवरचा डीजे पीट टाँग, हेरिटेज ऑर्केस्ट्रा आणि कंडक्टर ज्यूल्स बकली, रॉयल अल्बर्ट हॉल, २९ जुलै, बीबीसी रेडिओ वनला इबिझात (स्पेनचं क्लबांचं बेट) वीस वर्षं झाली म्हणून, तिथून ह्याला बाजारात तेजी आली. पाठोपाठ २०१६ ला मँचेस्टर कॅमेराटाबरोबर हासिएंडा क्लासिकल, हासिएंडा म्हणजे मँचेस्टरचा तोच क्लब जो १९९७ ला बंद पडला, आणि २०१७ ला त्यांनी ग्लास्टनबरी महोत्सवात पिरॅमिड या मुख्य स्टेजची सुरुवात केली. मी ह्याला वाईट म्हणणार नाही. पण हे आहे काय? लोकांना पाठ असलेली गाणी ऑर्केस्ट्राकडून परत वाजवून घेणं. गाणं आधीच पूर्ण आहे, त्यात रिकामी जागा नाही, मग व्हायोलिनवाल्याने करायचं काय, सिंथ जे वाजवतोय तेच वाजवायचं. ऐकू येणार नाहीच.

आता टेक्नोवाल्यांनी (डेट्रॉइटमध्ये जन्मलेलं मशीनचं नृत्यसंगीत) काय केलं ते बघा, दहा वर्षं आधी. जेफ मिल्स, डेट्रॉइटचा, जुलै २००५, फ्रान्समध्ये पाँ द्यू गार, रोमन लोकांनी बांधलेला पाणी नेणारा पूल, त्याच्या पायथ्याशी उघड्यावर, मोंपेलिएचा ऑर्केस्ट्रा, कंडक्टर आलाँ आल्तिनोग्लू, अरेंजमेंट तोमा रूसेल नावाच्या पोराची. पुढच्या वर्षी ब्लू पोटेन्शियल नावाने रेकॉर्डिंग आलं. त्यात काही ठिकाणी मिल्स गप्प बसतो! किक नाही, काही नाही, ऑर्केस्ट्राच एकटा पुनरावृत्ती करत चढत जातो आणि तुम्हाला किक नसताना किक ऐकू यायला लागते. हडपसरदादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते ह्यात आहे. चांगला डीजे असेल तर त्याला थांबता आलं पाहिजे.

मिल्सचं म्युझिक मुळात ह्याला सोयीचं आहे हेही खरं. त्याच्याकडे गाणं-कडवं-धृपद नाही, एक आकृती घेतो आणि तिच्यात हळूहळू बदल करत राहतो. हे ऑर्केस्ट्रावाल्यांना नवीन नाही, रावेलचा बोलेरो काय आहे दुसरं? एकच ताल, एकच चाल, पंधरा मिनिटं, बदलतात फक्त वाद्यं आणि आवाजाची पातळी. १९२८ सालचा. कार्ल क्रेग आणि मोरित्झ फॉन ओस्वाल्ड ह्या टेक्नोवाल्यांनी २००८ ला डॉइचे ग्रामोफोन कंपनीसाठी नेमकं तेच रेकॉर्डिंग घेतलं, कंडक्टर कारायान आणि बर्लिन फिलहार्मोनिकचा रावेल आणि मुसोर्गस्की, आणि त्याचे तुकडे घेऊन टेक्नो केला. मला ते आवडतं पण त्यात माणसं स्टेजवर नाहीत.

माणसं पाहिजे असतील तर क्रेगचंच व्हर्सस ऐका, ल सिएक्ल हा फ्रेंच ऑर्केस्ट्रा, कंडक्टर फ्रांस्वा-झाव्हिए रॉट, पियानोवाला फ्रांचेस्को त्रिस्तानो. २०१७ ला अल्बम आला, कल्पना त्याच्या बरीच आधीची. ऑर्केस्ट्राची वाद्यं अशी बसवलीत की सिंथ कुठला आणि क्लॅरिनेट कुठली हे मधेच कळेनासं होतं.

अजून एक. फेडरदादांनी खालच्या सुरांची मारामारी सांगितली ना, मग डेरिक मेचं १९८७ चं स्ट्रिंग्ज ऑफ लाइफ आठवा. त्यात बेसलाइनच नाही! पियानो आणि स्ट्रिंग्जचे झटके, खाली ड्रम, मधला सगळा गाळा रिकामा. ऑर्केस्ट्रावाले ते सारखं का घेतात ह्याचं मला आज उत्तर मिळालं, तिथे डबल बासला बसायला जागा आहे.


एनसीपीएचा_जुना_कोट :

सगळं वाचलं. माझं मत वेगळं आहे आणि ते लिहिल्याशिवाय राहवत नाही.

सिम्फनी ऑर्केस्ट्रा हे यंत्र कशासाठी बनलं? ऐकू येईल न येईल अशा आवाजापासून छप्पर उडेल अशा आवाजापर्यंत जाण्यासाठी, आणि लय ताणण्यासाठी, सोडण्यासाठी. चायकॉव्हस्कीच्या सहाव्या सिम्फनीत पहिल्या भागात तो एका ठिकाणी सहा पी लिहितो (पी म्हणजे हळू, दोन पी म्हणजे पियानिस्सिमो), पियानिस्सिमोच्याही पलीकडे. आता हेच लोक घ्या आणि त्यांच्या कानात १२६ ची क्लिक घाला आणि सगळं एकाच पातळीवर दाबून स्पीकरमधून काढा. दोन्ही कौशल्यं गेली. उरला काय, तर काळा कोट. ढोल-ताशा पथकासमोर उभं राहून सतार ऐकण्याचा प्रकार आहे हा, आणि वर सतारीचं तिकीट घ्यायचं.

आणि डेट्रॉइटकर, डीजे येऊन ऑर्केस्ट्राला काही नवीन दाखवतोय असा जो सूर आहे तोही मला पटत नाही. रेस्पिगीने १९२४ ला पाइन्स ऑफ रोममध्ये नाइटिंगेल पक्ष्याची ग्रामोफोन रेकॉर्ड वाजवायला सांगितली आहे, स्कोअरमध्येच. ऑर्केस्ट्राच्या मधे बसून एक माणूस ठरलेल्या जागी रेकॉर्डवर सुई ठेवतोय. शंभर वर्षं झाली. मेस्सियाँच्या तुरांगलीलामध्ये, १९४९, ओंद मार्तनो म्हणजे चक्क इलेक्ट्रॉनिक वाद्य पूर्ण ऑर्केस्ट्राबरोबर आहे, दहा भाग. नावही संस्कृतवरून घेतलंय त्या पठ्ठ्याने.

ज्यांना खरंच दोन्ही येतं असे संगीतकार आहेत, त्यांच्याबद्दल इथे कुणी बोलत नाही. मेसन बेट्स, अमेरिकन, स्वतः क्लबमध्ये डीजेगिरी करतो आणि स्वतः सिम्फनी लिहितो. कार्यक्रमात तालवाद्यवाल्यांच्या रांगेत लॅपटॉप घेऊन बसतो, मागे, इतर वादकांसारखा, पुढे चौथऱ्यावर नाही. बी-साइड्स नावाची रचना सॅन फ्रान्सिस्को सिम्फनीसाठी २००९ ची, त्यात एका भागात १९६५ च्या जेमिनी यानातल्या अंतराळवीरांचं बोलणं आहे, नासाच्या रेकॉर्डिंगमधून, आणि त्याच्याभोवती स्ट्रिंग्ज. तिथे इलेक्ट्रॉनिक आवाज हा ऑर्केस्ट्राचा एक विभाग आहे, ब्रास, वुडविंड, लॅपटॉप. दुसरा गॅब्रिएल प्रोकोफिएव्ह, सर्गेई प्रोकोफिएव्हचा नातू, त्याने टर्नटेबल (डीजेची तबकडी) आणि ऑर्केस्ट्रा ह्यांचा कॉन्चेर्तोच (एक वाद्य पुढे आणि साथीला ऑर्केस्ट्रा अशी रचना) लिहिलाय २००६ ला. २०११ च्या प्रॉम्समध्ये वाजला, डीजे स्विच आणि ब्रिटनचा राष्ट्रीय युवा ऑर्केस्ट्रा. डीजे तिथे तबकडीवर ऑर्केस्ट्राचेच आवाज घेऊन खरडतो, म्हणजे आत्ता बासूनने जे म्हटलं ते पुढच्या क्षणाला तबकडीतून वाकडंतिकडं होऊन परत येतं. ह्याला संवाद म्हणतात.

बाकी गाजलेली गाणी आणि लेझर, चालू द्या.


डेट्रॉइटचा_जावई :

कोटकाका, बेट्स मला मान्य आहे पण तुमच्या बेट्समध्ये बीट येतो आणि दोन मिनिटांत जातो, नाचायचं कधी? बीट हा रंग म्हणून वापरायचा, मधेच शिंपडायचा, हे सिम्फनीवाल्यांचं नेहमीचं. टेक्नोमध्ये बीट हा रंग नाही, जमीन आहे. वीस मिनिटं त्याच जमिनीवर उभं राहिल्यावर जे होतं ते दोन मिनिटांत होत नाही. तुम्ही ख्याल ऐकता ना, विलंबित चाळीस मिनिटं ऐकल्यावर जे हाती लागतं ते पाच मिनिटांच्या बंदिशीत मिळतं का?


एनसीपीएचा_जुना_कोट :

ख्यालात लय वाढते हो. तुमची १२६ ला सुरू होते आणि १२६ ला संपते.

(वीस मिनिटांचा मुद्दा मात्र रास्त आहे.)


गिरगावातली_माऊ :

तुमचं भांडण चालू द्या, मला फक्त एक घालायचंय मधे, कारण हे सगळं युरोप-अमेरिकेचंच चाललंय.

आपल्या मुंबईतल्या हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्राने हा प्रश्न स्टुडिओत केव्हाच हाताळलाय. १९५४ च्या नागिनमधली बीन ही बीन नाही, कल्याणजींनी क्लाव्हियोलाइनवर वाजवलेली आहे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड, आणि भोवती व्हायोलिनचा ताफा. त्या ताफ्यात किती गोवेकर होते, चर्चच्या शाळांत स्टाफ नोटेशन (पाश्चात्त्य स्वरलिपी) शिकून आलेले. पुढे केरसी लॉर्डनी मूग सिंथ आणला. तेव्हा कुणी ह्याला फ्युजन वगैरे म्हटलं नाही, गाण्याला काय लागतं तेवढं बघितलं. अरेंजर समोर बसलेला असायचा, ऐकू आलं नाही तर तिथल्या तिथे वाद्य बदलायचा, माईक पुढे-मागे करायचा. म्हणून ऐकू यायचं!

आणि चरणजित सिंग विसरू नका. मुंबईचेच सिनेमातले वादक, १९८२ ला त्यांनी रोलंड कंपनीच्या ८०८ (ड्रम मशीन), ३०३ (बेस मशीन) आणि ज्युपिटर-८ (सिंथ) ह्यांवर दहा राग डिस्को ठेक्यात काढले, तेव्हा कुणी विकत घेतलं नाही, आणि शिकागोच्या ॲसिड हाऊसची (त्याच ३०३ वरचा क्लबचा प्रकार) पहिली म्हणून जी ओळखतात ती रेकॉर्ड १९८७ ची. २०१० ला परत छापलं तेव्हा युरोपवाले चाट पडले. त्यात ऑर्केस्ट्रा नाही हे मला माहितेय, पण मशीनचा ठेका न हलता खाली चालू आणि वर रागाची बढत, हे डेट्रॉइटकर जे जमिनीबद्दल बोलतायत तेच आहे. त्यावर कुणी एनसीपीएच्या (मुंबईतलं कलाकेंद्र) सिम्फनी ऑर्केस्ट्रासाठी पूर्ण लांबीचं काही लिहिलं तर मी पहिल्या दिवशी तिकीट काढीन. कोटकाका, तुम्ही पण याल, कोट घालून.


फेडरवर_बोट :

माऊताई, तिथे सुद्धा कळीचा मुद्दा जागा करण्याचाच. साउंडवाल्याच्या हातात शेवटी एकच उपाय असतो, किक आली की स्ट्रिंग्ज क्षणभर खाली आणि लगेच वर, साइडचेन म्हणतात त्याला. क्लबच्या सिंथला ते शोभतं, तो श्वास घेतल्यासारखा वाटतो. खऱ्या व्हायोलिनवर केलं की ती पण सिंथच वाटायला लागते, मग एवढी माणसं कशाला आणली? त्यापेक्षा अरेंजरने आधीच कागदावर किकच्या जागी स्ट्रिंग्जना विश्रांती लिहिली तर मला काहीच करावं लागत नाही. साठ टक्के मिक्स कागदावर होतो, हे माझं आपलं मत.

व्हायोलाताई, तुमच्या शोमध्ये ड्रमवाला खरा होता का? असेल तर त्याच्यापुढे ती पारदर्शक भिंत लावली होती का?


व्हायोलाचा_वाली_कोण :

खरा होता, आणि भिंत होती पण ती त्याच्या पुढे, आम्ही त्याच्या डाव्या हाताला! म्हणजे प्रेक्षकांचं संरक्षण झालं, आमचं नाही.

कागदावरच्या मिक्सबद्दल सहमत. आमच्या त्या कार्यक्रमात एक गाणं असं होतं की अरेंजरने सिंथचं आर्पेजिओ (एकामागून एक सुटे सूर) काढूनच टाकलं आणि ते व्हायोलिन एक, व्हायोलिन दोन आणि आम्हाला वाटून दिलं, प्रत्येकाला चारातला एखाद-दुसरा सूर, पिझिकातो, म्हणजे तार बोटाने छेडून. एकटीने वाजवलं तर काहीच अर्थ लागत नाही, सगळ्यांनी वाजवलं की स्टेजच्या डावीकडून उजवीकडे सूर पळत जातात. ते सिंथला जमत नाही, म्हणजे स्पीकरमध्ये डावं-उजवं करता येतं पण हे तसं नव्हतं, त्यात थोडा विस्कळीतपणा होता आणि तोच छान लागत होता. त्या एका गाण्यात आम्ही क्लिक काढून ठेवली होती, ड्रमवाल्याकडे बघून वाजवलं. तालमीत दोनदा रेल्वे रुळावरून घसरली, कार्यक्रमात नाही घसरली.


हडपसर_टू_लीड्स :

अरे बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. शनिवारी बसून व्हर्सस आणि ब्लू पोटेन्शियल दोन्ही ऐकलं, आधी हेडफोनवर मग स्पीकरवर. मिल्स थांबतो ते कळलं. एका ठिकाणी तर मला वाटलं ड्रम चालू आहेत, आणि नीट ऐकलं तर चेलो आणि बासच टोचून टोचून वाजवतायत. बायकोला पण ऐकवलं, ती म्हणाली ह्यावर नाचता येणार नाही. मग मी व्हर्सस लावलं तर भांडी घासता घासता हलत होती, म्हणजे एक मत क्रेगला.

कोटकाका, बी-साइड्स रांगेत आहे, आणि ते नाइटिंगेलवालं खरंच भारी निघालं, शेजारच्या पोराला दाखवलं तर त्याचा विश्वास बसेना.

आता पुढचा प्रश्न. नोव्हेंबरात इथे जवळच एक हौशी ऑर्केस्ट्रा असाच कार्यक्रम करतोय, टाऊन हॉलमध्ये, सात-आठशे खुर्च्या असतील, लाकडी जमीन, बाल्कनी आहे. मिक्सरचं टेबल बाल्कनीच्या खाली असतं तिथे. मग तिथेच बसू का, की बाल्कनीत पुढे?


फेडरवर_बोट :

बाल्कनीखाली नको, तिथे खालचा आवाज साचतो आणि वरचा बुजतो, तो बिचारा साउंडवाला पण तिथे बसून अंदाजानेच चालवत असणार. बाल्कनीत पहिली रांग, मधोमध घ्या. एवढ्या छोट्या हॉलमध्ये स्ट्रिंग्जचा थेट आवाज वरपर्यंत येतो, माईकशिवायचा. आणि कानात घालायचे प्लग न्या, फोमचे नको, ते वरचे सूर खाऊन टाकतात, संगीतवाल्यांसाठीचे मिळतात ते घ्या.


व्हायोलाचा_वाली_कोण :

आणि उजवीकडे बघत राहा, बहुतेक ठिकाणी आम्ही तिकडे असतो.